अकोटच्या कापूस बाजारातली उमेदवारी

वऱ्हाडातल्या कापसाच्या अडतीत नवा मुलगा लागला की काही वर्षे तो उमेदवार असे. पगार नसे, असला तर नावापुरता असे. गादी झटकणे, पाणी भरणे, मुनिमाच्या शेजारी बसून कागद हातात देणे, चिठ्ठी घेऊन जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, धावणे ही त्याची कामे. काम सांगितले जाई, कामाची रीत मात्र समोर बसवून कुणी शिकवीत नसे. ती पाहूनच उचलायची. त्यामुळे नव्या मुलाची पहिली मोठी चूक आळसातून क्वचितच होई. ती होई रीत ठाऊक नसल्यामुळे, आणि भर बाजारात, अडत्या, दलाल व कास्तकार यांच्या देखत उघडी पडे. अशा चुका कुठे कुठे होत, हे क्रमाने पाहिले तर अकोटसारख्या पेठेचा व्यवहार कसा चाले आणि दीडशे वर्षांत तो कसा पालटला, हे नीट कळते.

अकोट हे अकोला जिल्ह्याच्या उत्तरेचे तालुक्याचे गाव. वर गाविलगडच्या डोंगररांगा आणि नरनाळ्याचा किल्ला, खाली पूर्णा नदी, आणि या दोहोंच्या मधली पयनघाटाची काळी जमीन. ही जमीन कापसाची. १८५३ च्या तहाने निजामाकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा सट्टा कोसळला, तरी वऱ्हाडातला कापूस मागे हटला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोल्यावरून पुढे जात १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीच्या नावावरून 'उमरा' म्हणू लागले, आणि अकोटचा मालही त्याच नावाखाली परदेशी जाऊ लागला.

रेल्वे मात्र अकोटला आली नाही. सर्वांत जवळचे मोठे ठाणे अकोला, सुमारे ४५ किलोमीटरवर. अकोटला मीटरगेजची गाडी दिसली ती स्वातंत्र्यानंतर, अकोला–खांडवा मार्ग झाल्यावर. तोवर माल बंड्यांनी अकोल्याला जाई आणि भाव, पैसा, तारा मुंबईहून येत. माल एका गावी, काटा दुसऱ्या आवारात आणि पैसा तिसऱ्या शहरात, अशी ही मांडणी होती. मधली सगळी जोडणी शब्दांनी, खुणांनी आणि कागदांनी होत असे. नवशिका गडबडे तो नेमका या जोडणीच्या सांध्यांवर.

पहिला सांधा सौद्याचा. शेतात सीतादहीची पूजा होऊन वेचणीला हात लागला की दसरा-दिवाळीपासून बंड्या बाजाराकडे निघत आणि फाल्गुनापर्यंत राबता राही. कास्तकार आपली बंडी ठरलेल्या अडत्याकडे उभी करी. अडत्या हा त्याचा विक्रीचा प्रतिनिधी, आणि बहुतेक वेळा त्याचा सावकारही. खरीददाराच्या बाजूने दलाल येई. बंडीतून मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा, सरकी दाबून ओल जोखायची, कवडी, म्हणजे खराब बोंडांचा कापूस, किती आहे ते निवडायचे आणि मग भाव बोलायचा. हा भाव तोंडाने बोलला जात नसे. रुमालाखाली किंवा उपरण्याच्या पदराखाली दोघे हात धरत आणि बोटे दाबून आकडा सांगत. याला हत्ता म्हणत. किती बोटे धरली यावरून आकडा कळे. तो रुपयांचा की आण्यांचा, हे दोघांनी त्या दिवसाच्या बाजारावरून ओळखायचे.

उमेदवाराची चूक इथे दोन प्रकारची होई. बोटे कळली तरी एकक न कळल्यामुळे तो मालकाला भलताच भाव सांगे. किंवा रुमालाखाली ठरलेला भाव तो मोठ्याने बोलून दाखवी. पहिल्या चुकीचे नुकसान दुकानाला होई. दुसरी चूक बाजारात अक्षम्य मानली जाई, कारण शेजारच्या बंडीवाल्याला भाव कळला की पुढचा सौदा अवघड होई. या दुसऱ्या चुकीकडे आज वेगळ्या नजरेने पाहणे भाग आहे. ज्याचा माल विकला जात होता तो कास्तकार रुमालाच्या बाहेर उभा असे. आपल्या कापसाला कुणी किती देऊ केले, हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पोराच्या तोंडून निसटलेला आकडा ही त्याला त्या दिवशी मिळालेली एकमेव खरी माहिती असू शकत होती. पुढे बाजाराच्या सुधारणेची चर्चा झाली तेव्हा हत्ता बंद करून उघडा लिलाव आणावा, ही मागणी अग्रभागी राहिली. पोराला ज्या गोष्टीसाठी बोलणी बसत, तीच नंतर नियम झाली.

दुसरा सांधा काट्याचा. सौदा बाजारात होई, पण माल उतरे आणि जोखला जाई तो खरीददाराच्या जिनाच्या आवारात. त्यामुळे ठरलेला भावही तिथे पुन्हा उघडला जाई. वरचा कापूस चांगला, तळाचा ओला किंवा कवडीचा निघाला अशी तक्रार करून खरीददार भाव तोडून मागे. बैल सोडलेले, गाव लांब आणि दिवस मावळत आलेला, अशा वेळी कास्तकाराला मान हलवण्याखेरीज गत्यंतर नसे. अडत्याच्या बाजूने तिथे उभा राहणारा बहुधा उमेदवारच असे. नमुना कुणी पाहिला, सौदा कुणापुढे झाला, हे त्याने आधी ध्यानात ठेवलेले नसेल तर त्याला उत्तर देता येत नसे.

तोलणे हे मापाऱ्याचे काम. आधी धडा करायचा, म्हणजे रिकामे चुंगडे किंवा फारी एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात तेवढा भार घालायचा आणि काटा सम आणायचा. धडा न पाहता तोल सुरू झाला की प्रत्येक खेपेला फरक पडत जाई आणि शेवटी तो सापडत नसे. तोल मोजण्याची भाषाही निराळी होती. पहिल्या तोलाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचे आणि मग दोन, तीन असे पुढे जायचे. लाभ हा मंगलाचा उच्चार आहे, मोजणी दोनपासून आहे, असे समजून खुणा करणाऱ्या नव्या मुलाचा हिशेब एका तोलाने कमी भरे. दिवसभराच्या अनेक बंड्यांत ही चूक पुन्हा पुन्हा झाली तर तूट मोठी होई, आणि ती संध्याकाळी मापाऱ्याच्या व दुकानाच्या खुणा ताडताना बाहेर येई.

तोलानंतर कपाती सुरू होत. अडत, दलाली, तोलाई, हमाली, धर्मादाय, गोरक्षण आणि त्यावर कडता. कडता म्हणजे मालात कचरा, ओल असेल असे गृहीत धरून वजनातच दिलेली सूट. यांतल्या कुठल्या रकमा विकणाऱ्याने सोसायच्या आणि कुठल्या घेणाऱ्याने, हे पेठेपेठेत वेगळे असे. वजनेही वेगळी होती. मुंबईच्या रुईच्या व्यापारात ७८४ पौंडांची खंडी आणि ३९२ पौंडांची गाठ चाले, तर वऱ्हाडात गावागणिक मण आणि बोजा निराळा. कापसाचा भाव एका मापाने, रुईचा दुसऱ्या आणि सरकीचा तिसऱ्या. एका पेठेत तयार झालेला मुलगा दुसऱ्या पेठेत गेला की त्याला पुन्हा पहिल्यापासून उमेदवार व्हावे लागे.

तिसरा सांधा वहीचा, आणि उमेदवारीचा खरा कस इथेच लागे. रोजची रोकड कीर्दीत, तिथून खातेवार खतावणीत, असा हिशेबाचा क्रम. नोंद मराठी दुकानात मोडीत होई, मारवाडी पेढीवर मुडिया लिपीत. अपूर्णांक आडव्या रेघेने न लिहिता उभ्या दंडांनी दाखवीत. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. घाईत लिहिलेला एक दंड वाचताना सुटला की पाऊणचा अर्धा होई. रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै असल्याने मेळ लागला नाही तर चूक शोधायला रात्र जाई. जनार्दनस्वामींच्या आज्ञेने देवगिरीच्या हिशेबात चुकलेली एक पै शोधण्यासाठी तरुण एकनाथ रात्रभर जागले, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. दुकानातल्या मुलांपुढे हाच आदर्श ठेवला जाई. त्यात एक कठोरपणाही होता. मेळ लागेपर्यंत उठायचे नाही हा नियम लहान वयाच्या मुलालाही लागू असे.

मुडिया लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत, त्यामुळे पत्र वाचणाऱ्याला मजकूर आधीच अंदाजाने ठाऊक असावा लागे. बाबू अजमेरला गेले आहेत, मोठी वही पाठवा, अशा पत्राचे वाचन 'बाबू आज मर गयो, बडी बहू भेज दीजे' असे झाले आणि घरात रडारड उठली, ही गोष्ट व्यापाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. ती घडली असो वा नसो, तिच्यात लिपीचा दोष अचूक पकडला आहे. जुन्या मुनिमाला पत्र लिहिणाऱ्याचा हात, पेढीचे व्यवहार आणि माणसे माहीत असत, म्हणून त्याची वाचनात गफलत होत नसे. नव्या मुलापाशी फक्त अक्षरे असत.

हुंडीची रीत याहून बारीक. मुंबईच्या पेढीवर काढलेली हुंडी हाच अकोटच्या हंगामातला पैसा. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पटवायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत ओळख आणि पत असलेल्या शहालाच द्यायचे, हातात हुंडी घेऊन आलेल्या कुणालाही द्यायचे नाहीत. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती दोनदा लिहीत, आणि दुसऱ्यांदा लिहिताना निम्मी रक्कम मांडून तिच्या दुप्पट द्यावे असे नमूद करीत. हजाराच्या हुंडीत पाचशेचा आकडा ठळक दिसे. ही पद्धत न समजलेल्या मुलाने पाचशेच मोजून दिले तर पेढीच्या पतीला धक्का लागे, आणि शहाजोग हुंडी अनोळखी माणसाला पटवली तर हजार रुपयांचा भुर्दंड पेढीवर येई. पटवलेली हुंडी खोका म्हणून जपायची. हुंडी हरवली तर पैठ ही दुसरी प्रत, पैठही हरवली तर परपैठ ही तिसरी. हे सगळे कुठल्याही भिंतीवर लिहिलेले नव्हते. तरीही ही व्यवस्था शतकानुशतके चालली, कारण तिच्यातला प्रत्येक नियम कधीतरी झालेल्या फसवणुकीवरचा बंदोबस्त होता. शिकवण्याची सोय नसणे हाच तिचा उणेपणा.

लिहिलेला कायदा वऱ्हाडात लवकर आला. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे कापसाचा बाजार नियमाखाली आणला गेला. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, समिती नेमली गेली, दलाल आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागला आणि बंडीमागे फी बसली. मापाऱ्याला परवाना लागला, तेव्हा त्याची चूक ही प्रथमच कुणाकडे तरी तक्रार करता येण्याजोगी चूक झाली. समित्यांत व्यापाऱ्यांचेच वजन असल्याने कास्तकाराला त्याचा फायदा मर्यादित झाला, हे मान्य केले पाहिजे. तरी १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला तेव्हा वऱ्हाडचे उदाहरण त्याच्यासमोर होते. १९३२ मध्ये मध्य प्रांताचा कापूस बाजार कायदा आला. पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने कृषी उत्पन्न बाजार समित्यांची आजची घडण उभी राहिली आणि सौदापट्टी, काटापट्टी व हिशेबपट्टी हे कागद व्यवहाराचा कणा बनले.

जिन आणि प्रेसमध्ये चुकांचे स्वरूप आणखी वेगळे होते. दिवाळीनंतर ही आवारे रात्रंदिवस चालत. कापूस एका बाजूने आत, रुई दुसऱ्या बाजूने बाहेर, सरकी खाली. दोन शेतांचा, दोन जातींचा माल नजरचुकीने एकत्र झाला की लांब धाग्याच्या बनी कापसाला आखूड, भरड जरीचा भाव मिळे. अशी भेसळ मुद्दामही होई, म्हणून अजाणता झालेल्या मिसळीवरही विश्वास ठेवला जात नसे. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने कापूस आत येण्याची आणि रुई बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवणे, मालाचे नोंदबुक ठेवणे आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले. गाठीवर क्रमांक घालण्याचे काम साधे दिसे, म्हणून ते नव्या मुलाकडे जाई. क्रमांक चुकला किंवा दोनदा पडला की मुंबईत शिवडीच्या कॉटन ग्रीनवर नमुना काढून वाद झाला असता ती गाठ कुठल्या दिवसाची, कुणाच्या मालाची, हे सांगता येत नसे. अकोटच्या आवारात शाईने झालेली चूक महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईहून पत्राने परत येई.

या मुलांचे स्वतःचे हक्क मात्र फार उशिरा लिहिले गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा दुकाने व आस्थापना कायदा १९४७ चा. तोवर दुकानातला वेळ, सुट्टी आणि चुकीबद्दल कापलेले पैसे हा मालकाच्या मर्जीचा भाग होता. कित्येक मालक उदार होते, मुलांना पुढे भागीदार करून घेत. पण मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेत शिकणाऱ्याच्या चुकीला किती शिक्षा, याचे माप नव्हते, आणि कापसाच्या व्यापाराच्या इतिहासात हा भाग सहसा वगळला जातो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सगळी पेठच एकदम नवशिकी झाली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे ६ पैसे, दोन आण्यांचे १२, पण तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५, असे कोष्टक दुकानादुकानात लागले. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि मण, बोजा यांच्या जागी क्विंटल बसला. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या मुनिमाचा वेग थांबला आणि शाळेत दशांश शिकलेला मुलगा त्याच्यापुढे गेला. जुन्यांचे ज्ञान एका सरकारी अधिसूचनेने अर्धे निकामी झाले. त्या पिढीला झालेला त्रास खरा होता, पण कास्तकाराला आपला हिशेब पहिल्यांदाच स्वतः तपासता येऊ लागला, हा त्यातला मोठा लाभ.

त्यानंतरचा सर्वांत मोठा बदल १९७२ च्या हंगामात आला. महाराष्ट्र सरकारने १९७१ च्या कायद्याच्या आधारे कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. खाजगी खरेदी बंद झाली, अडत्या आणि दलाल बाजूला झाले, आणि कास्तकार थेट खरेदी केंद्राच्या काट्यापुढे उभा राहिला. रीत शिकण्याची पाळी आता दुकानातल्या मुलावरून शेतकऱ्याच्या मुलावर आली. पेऱ्याची नोंद असलेले कागद, केंद्र, नंबर, ग्रेडरचा निर्णय आणि हप्त्याहप्त्याने मिळणारे पैसे. पहिल्या हप्त्याची रक्कम हीच पूर्ण किंमत समजून त्या हिशेबाने कर्ज फेडायला निघालेला किंवा पावती गमावून बसलेला तरुण पुढच्या हप्त्यापाशी अडे. ग्रेडरने कापूस कोणत्या प्रतीत घातला यावर भाव ठरे, आणि त्यावर आक्षेप जागीच घ्यावा लागे. बंडी रिकामी झाल्यावर आक्षेपाला अर्थ उरत नसे. अकोट तालुका मध्य प्रदेशच्या सीमेजवळचा. तिकडे भाव जास्त असला की माल राज्याबाहेर नेण्याचा मोह होई, आणि आपल्याच शेतातला कापूस सीमेपलीकडे विकणे गुन्हा ठरतो, हे नाक्यावर गाडी अडल्यावरच कळणारेही होते. योजनेमागचा हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या पकडीतून सोडवण्याचा होता आणि सुरुवातीच्या काळात तिने भावाची शाश्वती दिली. नंतर तोटा वाढत गेला, पैसे रखडू लागले, आणि नव्या शतकाच्या आरंभी खाजगी खरेदी पुन्हा खुली झाली.

आज अकोटच्या बाजार समितीच्या आवारात लिलाव उघडा होतो, वजन वाहनासकट मोठ्या काट्यावर होते आणि पैसे बँकेत जमा होतात. हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कपास निगमच्या केंद्रावर ओलाव्याचे यंत्र निर्णायक असते. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला माल परत. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस न वाळवता तसाच भरून आणला की फेरी वाया जाते. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीत मोबाईलवर करावी लागते, आणि २०२५ च्या हंगामापासून कपास निगमच्या विक्रीसाठी 'कपास किसान' या ॲपवर आधी नावनोंदणी करावी लागते. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा नसणे, आधारवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव वेगळे असणे, खाते आधारशी जोडलेले नसणे, ही आता अडकण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. ही नोंदणी बहुतेक घरांत शिकलेली मुले-मुलीच करतात, आणि पीक पाहणीची मुदत निघून गेल्यावर दुरुस्तीसाठी त्यांना तलाठी कार्यालयात जावे लागते.